कावळा शिवेपर्यंत भट्टी बंद

मी दोन खाल्ले, असं मी वर्गात सांगितलं होतं. एक खाल्ला असं सांगून थांबले असते तर पुढचं बरंच टळलं असतं. पण खोटं बोलायचंच ठरल्यावर हात आखडता घेणं माझ्या स्वभावात नाही.

गोष्ट बद्रीनाथच्या डबलरोटी-वड्याची आहे. घनसावंगीहून चार कोसांवर गोदावरीच्या काठी वाघाळीचा घाट आहे आणि घाटाच्या वरच्या अंगाला बद्रीनाथचं हॉटेल. हा बद्रीनाथ बारा वर्षं हैदराबादेत एका हॉटेलात होता आणि तिथून येताना एक विद्या घेऊन आला. गोल डबलरोटी आडवी कापायची, खालच्या अर्ध्यावर तळहाताएवढा चपटा बटाट्याचा वडा ठेवायचा, त्यावर कांद्याच्या चकत्या, त्यावर लाल चटणी, आणि वरची अर्धी रोटी टोपीसारखी घालायची. एवढंच. पण आमच्या जालन्यात त्याचं नाव असं झालं होतं की कोणी वाघाळीला अस्थी घेऊन गेलेलं असलं तरी परत आल्यावर लोक आधी वड्याचं विचारायचे आणि गेलेल्या माणसाचं नंतर. शिवाय ‘अगदी पाण्यावर बसून खायचा’ हे प्रत्येकजण बजावून सांगायचा. पायाशी गंगा, हातात वडा. आमच्या भागात गोदावरीला गंगाच म्हणतात.

आमच्या वर्गात हा वडा शरयूनं दिवाळीच्या सुट्टीत खाल्ला होता आणि मार्चपर्यंत ती तो खातच होती. रोज मधल्या सुट्टीत एक घास. मी त्या वर्षी वर्गप्रमुख झाले होते, ‘वक्तशीरपणाचे महत्त्व’ या विषयावर बोलून वक्तृत्वात दुसरी आले होते, दोन वेण्या सोडून एक वेणी घालायला लागले होते. अशा मुलीनं दुसरीचा वडा किती दिवस ऐकून घ्यायचा? एक दिवस मी म्हणाले, “त्यात काय, मी दोन खाल्लेत.” आणि त्या दोन्ही वड्यांचं असं काही वर्णन केलं की शेवटच्या बाकावरच्या मुलींना आपले डबे नकोसे झाले.

शरयूनं सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, “मग सांग बरं, खालच्या अर्ध्या रोटीला आतून काय लावलेलं असतं?”

मला काय माहीत. मी म्हणाले, “ते सांगायचं नसतं.”

“बरं,” शरयू म्हणाली, “जूनमध्ये शाळा उघडली की सांग.”

हे एकतीस मुलींसमोर झालं. म्हणजे जूनच्या आत मला त्या रोटीचा खालचा अर्धा भाग आतून बघणं भाग होतं. नाहीतर वर्गप्रमुखपद, वक्तृत्व आणि वेणी, तिन्हींचा निकाल लागणार होता.

मे महिन्यात आम्ही घनसावंगीला मावशीकडे गेलो, तेव्हा मी पहिल्याच दिवशी विषय काढला. माझे वडील, नाना, सरकारी कचेरीत कारकून आहेत आणि कुठल्याही गोष्टीला लगेच हो म्हणणं त्यांच्या नोकरीत बसत नाही. त्यांनी चार दिवस विचार केला. त्यांचं म्हणणं, डबलरोटी पायानं तुडवून मळतात. मी म्हटलं, नाना, तुम्ही बघितलंत का? ते म्हणाले, बघितलं असतं तर मी जिवंत राहिलो असतो का? शेवटी आई म्हणाली, “त्या निमित्तानं गंगास्नान तरी होईल.” मग मंजुरी आली, पण दुरुस्तीसह. स्नान मुख्य, वडा आनुषंगिक, आणि नाना स्वतः खाणार नाहीत, केवळ हजर राहतील.

बातमी फुटल्यावर सल्ले सुरू झाले. मावशीचे यजमान वामनकाका शाळामास्तर. ते म्हणाले, “डबलरोट्या परतूरहून येतात, रोज तीन डझन. अकराच्या आत पोचलात तर ठीक, न्हाई तर नुस्तं पाणी बघून या.” शेजारच्या झुंबरबाई म्हणाल्या, “या उन्हात पोरीला नेऊन राह्यले? मंग प्रत्येकाच्या जवळ एकेक कांदा ठिवा, ऊन बाधत न्हाई.” कांदे ठेवले. माझा कांदा मी परकराच्या ओच्यात बांधला. आईनं धपाट्यांचा डबा घेतला, कारण बाहेरच्या अन्नावर तिचा विश्वास नाही आणि माझ्या बेतांवर तर त्याहून नाही.

गाडीची व्यवस्था वामनकाकांनी केली आणि तिथंच पहिली माशी शिंकली. त्यांनी ठरवली ती घासलेटवाल्या पुंजारामची बैलगाडी. पुंजाराम आठवड्यातले सहा दिवस गावोगाव घासलेट विकायचा. सातव्या दिवशी तो मोकळा होता. तो मोकळा होता, पण हे बैलांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

आम्ही सहाला निघालो. पहिलं गाव लागलं, पहिलं घर आलं आणि बैल थांबले. पुंजारामनं च्यक् केलं, कासरा हलवला. बैल हलेनात. घरातून एक बाई बाटली घेऊन बाहेर आली.

“आज न्हाई,” पुंजाराम म्हणाला. “आज पाव्हणे हायेत गाडीत.”

बाईनं आमच्याकडं बघितलं. “मंग आलेच कशाला दारात?”

ती आत गेली तेव्हा बैल पुढच्या घरापर्यंत चालले आणि थांबले. तिथं म्हातारबाबा बाटली घेऊन उभेच होते. असं एकेक घर करत आम्ही ते गाव पार केलं. मी नवा परकर-पोलका घालून, वेणीला रिबिन बांधून ताठ बसले होते आणि दारोदार लोक माझ्यापुढे रिकाम्या बाटल्या धरत होते. नाना टोपी पुढं ओढून, आम्ही त्यांचे कोणी नव्हेत अशा चेहऱ्यानं क्षितिजाकडं बघत होते. दुसऱ्या गावात पुंजारामला लोकांची दया आली. बैठकीखाली त्यानं एक डबा ठेवलेलाच होता. तो म्हणाला, “थांबलोच हाये तर देऊन टाकतो, साहेब. बैलाचा शब्द मोडू ने.”

मापानं ओतताना घासलेट सांडलं. ते जिथं सांडलं तिथं धपाट्यांचा डबा होता.

वाघाळीला पोचलो तेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर आला होता. वक्तशीरपणावर बोललेल्या मुलीला हे किती लागलं असेल ते मी लिहीत नाही. पण हॉटेल दिसलं. कुडाच्या भिंती, वर पत्रे, पुढं ओटा आणि ओट्याला उतरत्या दगडी पायऱ्या. त्या पायऱ्यांवर बसून पाण्यात पाय सोडायचे, असं जालन्यात सगळे सांगत. मी धावत जाऊन शेवटच्या पायरीवर उभी राहिले. खाली वाळू होती. पुढंही वाळू होती. वाळूच्या पलीकडं वाळू होती आणि त्याच्याही पलीकडं, पाव कोसावर, कोणी तांब्यातून सांडलंय असं वाटावं एवढी गंगा चकाकत होती.

“पाणी कुठं गेलं?” मी ओट्यावरच्या माणसाला विचारलं. तोच बद्रीनाथ.

“श्रावणात या बाई. श्रावणात इथं पायरीला लागतं.”

“असू दे. मला वडा द्या.”

“आज भट्टी बंद हाये.” त्यानं वाळूकडं हात केला. पायऱ्यांपासून थोड्या अंतरावर एका वाळक्या बाभळीच्या आडोशाला साठएक माणसं उघड्या डोक्यानं बसली होती. “रखमाजी आबाचा दहावा हाये. जागा आबानंच दिल्ती मला, हॉटेल टाकायला. कावळा शिवेपर्यंत भट्टी पेटवणार न्हाई, अशी मी शपथ घेतली.”

“मग केव्हा शिवेल?”

“सकाळी आठपासून बसून राह्यलेत,” बद्रीनाथ म्हणाला.

आता नानांनी काय करावं? नमस्कार करून मागं फिरावं. पण दहाव्याला आलेल्या एका माणसानं त्यांना विचारलं, “कुठून आलात?” आणि नानांनी सवयीप्रमाणे सांगितलं, “कचेरीतून.” नाना देवळात, लग्नात, दवाखान्यात, कुठंही हेच सांगतात. तो माणूस वाळूत धावत गेला. कचेरीतून माणूस आला, कचेरीनं आबाच्या दहाव्याला माणूस पाठवला, असं साठ तोंडांतून फिरलं, आणि रखमाजींचा मुलगा धर्मराज स्वतः उठून आला. त्याचे डोळे सुजलेले होते, डोकं नुकतंच भादरलेलं. त्यानं नानांचे पाय धरले.

“आबा म्हणायचे, कचेरी आपल्याला इसरणार न्हाई,” तो म्हणाला.

यानंतर ‘आम्ही वडे खायला आलो’ हे सांगण्याची छाती नानांची नव्हती. माझीही नव्हती, आणि मी वक्तृत्वात दुसरी आलेली आहे. आम्हाला अगदी पुढं, पिंडांसमोर बसवलं. तिथं उपाशी माणसांच्या पुढ्यात धपाटी काढणं शक्य नव्हतं. खरं तर घासलेटामुळं ती कुठंच काढणं शक्य नव्हतं.

बाभळीवर एकच कावळा होता. तो भाताच्या पिंडांकडं बघायचा आणि मान फिरवायचा. ज्यांना ही रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिली असली तर कावळा पिंडाला शिवत नाही, मग घरच्यांनी कावळ्याला हात जोडून ती इच्छा पुरी करण्याचा शब्द द्यायचा असतो. धर्मराजनं सकाळपासून शब्द देऊन देऊन घसा कोरडा केला होता. धाकट्या भावाशी भांडणार नाही. आईला आळंदीला नेईन. तांबडी गाय विकणार नाही. गुरुजी दोनदा म्हणाले की दर्भाचा कावळा करून शिवूया, शास्त्रात चालतं. धर्मराज म्हणाला, “माझ्या बापाला गवताचा कावळा न्हाई चालायचा.”

तेवढ्यात मागून एक म्हातारा बोलला, “आबाचा जीव अर्जात गुतला असंल.”

सगळ्यांनी नानांकडं बघितलं.

अर्जाचं असं होतं. रखमाजींच्या बांधावर एक वाळलेलं सागवानाचं झाड होतं आणि ते तोडायची परवानगी त्यांनी सहा वर्षांपूर्वी मागितली होती. अर्ज उर्दूत होता, त्याच्या भाषांतरात दोन वर्षं गेली. भाषांतर झालं तोवर आपला मुलूख हैदराबाद राज्यातून मुंबई राज्यात गेला आणि अर्जाचा नमुना बदलला. नव्या नमुन्यात अर्ज आला तोवर झाड आपलं आपण पडलं. पण पडलेलं झाड उचलायलाही परवानगी लागतेच. हे सगळं धर्मराज सांगत होता आणि मी नानांच्या कानाच्या पाळ्या लाल होताना बघत होते. ती फाइल त्यांच्याच टेबलावर होती. आईच्या लक्षात आलं. ती हळूच म्हणाली, “अहो, तीच का, जिच्यावर तुम्ही पानाचा डबा ठेवता?”

नाना उभे राहिले. त्यांनी टोपी काढली, कावळ्याला हात जोडले आणि म्हणाले, “सदर अर्ज प्राधान्याने विचारात घेण्यात येईल.”

कावळ्यानं पाठ फिरवली.

“साहेब, साधं बोला,” तो म्हातारा म्हणाला. “त्याला कचेरीचं कळत न्हाई.”

“सोमवारी करतो,” नाना म्हणाले.

कावळा उडाला आणि लांबच्या लिंबावर जाऊन बसला.

“सहा वर्षं ऐकून राह्यलाय त्यो सोमवार,” म्हातारा म्हणाला. नाना तसेच हात जोडून उभे होते. घरी ते मला आणि आईला रोज काही ना काही बोलतात. त्या दिवशी मला पहिल्यांदा त्यांची कणव आली. पण कणवेनं पोट भरत नाही, आणि खालच्या रोटीला काय लावतात हेही कळत नाही. मी हळूच उठले आणि हॉटेलाच्या मागच्या बाजूला गेले.

तिथं बद्रीनाथची बायको नंदाबाई भांडी पालथी घालून बसली होती. मला कुणी मायेनं ‘काय गं’ म्हटलं की मी सगळं सांगून टाकते. शरयू, एकतीस मुली, दोन वड्यांचं खोटं, बैल, बाटल्या, सगळं. सांगता सांगता रडू आलं. नंदाबाईनं इकडं तिकडं बघितलं.

“आज रोट्याच मागवल्या न्हाईत आम्ही. कालची एक उरल्ती. पहाटं, शपथ घेण्याच्या आधी, मी माझ्यासाठी वडा तळून ठिवला.” तिनं टोपलीखालून पळसाच्या पानातली पुडी काढली. “घे. जल्दी खाऊन टाक, मालकानं बघू ने.”

मी हॉटेलाच्या कडेच्या छातीएवढ्या उंच कुडामागं गेले. पान उघडलं. तो तसाच होता, जसा मी वर्गात वर्णन केला होता. बाहेरून कुरकुरीत, कडेनं कांदा डोकावणारा. आधी खावा की आधी खालची रोटी उघडून बघावी, या विचारात मी क्षणभर थांबले. आजही झोप लागत नाही तेव्हा मला तो क्षण आठवतो. विचार करत बसायची ती जागा नव्हती.

डोक्यावर फडफड झाली. लिंबावरचा कावळा येऊन माझ्यासमोरच्या कुडावर बसला. आणि तो जिकडं जाईल तिकडं बघायचं हेच तर साठ माणसांचं सकाळपासूनचं काम होतं. त्या साठ जणांनी माना वळवल्या. आईनं वळवली. नानांनी वळवली. तोंडाचा आ करून, दोन्ही हातांत वडा धरून उभी असलेली वर्गप्रमुख सगळ्यांना एकदमच दिसली.

कोणी ओरडलं नाही. ओरडले असते तर मी पळाले तरी असते. धर्मराज उठून माझ्याजवळ आला. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा माणूस, त्यानं मला हात जोडले.

“ताई, आबाला रोज एक लागायचा,” तो म्हणाला. “पडून होते तवा मागत होते. वैद्यानं मना केल्तं, म्हणून मी दिला न्हाई. शेवटच्या दिवशीबी दिला न्हाई मी.”

एवढं बोलून तो लहान मुलासारखा रडायला लागला. मी वड्याकडं बघितलं. शरयूचा चेहरा डोळ्यासमोर आला, एकतीस मुली आल्या. नुसती खालची रोटी उचलून एकदा बघू का, असं विचारावंसं वाटलं. पण बाप गेलेल्या माणसाला असं कसं विचारणार? मी वडा दिला.

त्यानं तो पिंडांशेजारी ठेवला. कावळा तिसऱ्या उडीत तिथं पोचला. त्यानं आधी वरची रोटी चोचीनं बाजूला भिरकावली. मग वडा खाल्ला, अगदी सावकाश, साठ उपाशी माणसांसमोर. मग खालची अर्धी रोटी चोचीत धरली, पिंडावर एक पाय रोवून नीट पकड घेतली, आणि ती तशीच घेऊन गंगेच्या पलीकडं निघून गेला. मी कुडापाशी उभ्या उभ्या, लांबून, जिवाच्या आकांतानं बघितलं. रोटीची आतली बाजू पूर्ण वेळ वर, आभाळाकडं होती.

“शिवला,” गुरुजी म्हणाले. “पाय लागला. शिवला.”

लोक रडले, मग उठले, मग एकमेकांना पाणी देऊ लागले. बद्रीनाथनं भट्टी पेटवली, पण डबलरोट्याच नव्हत्या, त्यामुळं चहा झाला. नानांनी गंगेवर जाऊन स्नान केलं. पाणी गुडघाभर होतं, म्हणून ते बसून केलं. मी पायरीवर बसले, वाळूत पाय सोडले, ओचा सोडला आणि झुंबरबाईंचा कांदा खाल्ला. बद्रीनाथच्या वड्यातला तेवढा एकच जिन्नस माझ्या वाट्याला आला.

उद्या पुन्हा येऊ, असं मी गाडीत म्हणणार होते. पण नाना म्हणाले, “उद्या पहाटे जालन्याला निघायचं. सोमवारी मला कचेरीत असलं पाहिजे.” परतीच्या वाटेवर बैल प्रत्येक घरापुढं थांबले.

नानांनी शब्द पाळला. सोमवारी ती फाइल त्यांनी स्वतः साहेबांच्या टेबलावर नेली आणि सही होईपर्यंत तिथून हलले नाहीत. परवानगी मिळाली. फक्त साहेबांनी खाली एक ओळ लिहिली होती, की अर्जदाराने परवाना घेण्यासाठी समक्ष हजर राहावे. नाना दोन दिवस नीट जेवले नाहीत. आता ते त्या फाइलवर पानाचा डबा ठेवत नाहीत. कुठल्याच फाइलवर ठेवत नाहीत.

जूनमध्ये शाळा उघडली. मधल्या सुट्टीत मुली माझ्याभोवती जमल्या आणि शरयू म्हणाली, “हं. सांग.”

मी सुट्टीभर ठरवून आले होते. बाकावर उभी राहिले आणि खरं सांगितलं. मी दोन खाल्ले नव्हते. एकही खाल्ला नव्हता. आताही गेले तेव्हा माझ्या हातातला वडा कावळ्यानं खाल्ला आणि खालची रोटी घेऊन तो गंगेपार गेला.

मग शेवटच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “सांगायचं नसेल तर नको सांगूस बाई. पण कावळा काय.”

मी शपथ घेतली. नानांची घेतली, देवाची घेतली. काही उपयोग झाला नाही. मी दोन खाल्ले हे सगळ्यांनी बिनतक्रार मानलं होतं. एकही खाल्ला नाही हे मानायला एकतीस जणींमधली एकही तयार नव्हती. उलट त्या दिवसापासून खालच्या रोटीचं रहस्य जाणणारी आणि जीव गेला तरी न सांगणारी म्हणून माझा दबदबा वाढला, आणि वर्गातल्या मुली मला नवीनच आदरानं वागवू लागल्या. त्या आदराचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

शाळा सुटल्यावर मी शरयूला फाटकापाशी एकटीला गाठलं. म्हटलं, “शरयू, मी हरले. मी खरंच खाल्लेला नाही. आता तू तरी सांग, खालच्या रोटीला आतून काय लावलेलं असतं?”

शरयूनं माझ्याकडं बघितलं. मग रस्त्याकडं बघितलं. मग दप्तराचा पट्टा नीट केला.

“ते सांगायचं नसतं,” ती म्हणाली.